ट्रंपेटचा माउथपीस

१९३९ सालच्या एप्रिल महिन्यात, १६ तारखेस, कैरोच्या वस्तुसंग्रहालयातून बी. बी. सी.ने एक विलक्षण कार्यक्रम प्रक्षेपित केला. इजिप्तचा तरुण राजा तूतनखामून याचे थडगे हॉवर्ड कार्टर यांनी १९२२ मध्ये उजेडात आणले. त्यात जी अपार संपत्ती सापडली तीत दोन ट्रंपेटेही होती. एक चांदीचे, दुसरे तांब्याच्या मिश्रधातूचे. तीन हजारांहून अधिक वर्षे मुकी राहिलेली ही वाद्ये जेम्स टॅपर्न नावाच्या, ब्रिटिश घोडदळाच्या एका पलटणीतील वादकाने त्या दिवशी वाजविली आणि तो नाद दूरदूरच्या श्रोत्यांनी आपापल्या घरी बसून ऐकला. त्याचे ध्वनिमुद्रण आजही उपलब्ध आहे. ते ऐकताना अंगावर काटा उभा राहतो, यात शंका नाही. परंतु आपण नेमका कोणाचा आवाज ऐकत आहोत, असा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने येथे विचारावयास हवा. या वाद्यांना वेगळा माउथपीस नाही. नळीच्या टोकाशी धातूचे एक साधे कडे आहे, एवढेच. त्यावर ओठ टेकून फुंकले तर हाती लागणारे स्वर अगदी मोजके. टॅपर्न यांनी वादन केले ते आधुनिक माउथपीस बसवून. या प्रयोगांच्या काळातच चांदीचे ट्रंपेट भंगले आणि त्याची पुन्हा जुळणी करावी लागली, ही गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तेव्हा जगाने जो आवाज ऐकला तो नळीपुरता फॅरोचा होता आणि मुखापुरता इंग्रज सैनिकाचा होता. माझ्या मते हा दुसरा वाटा काही लहान नव्हे.

चार-पाच बोटे लांबीच्या या धातूच्या तुकड्याविषयी मी आज बोलणार आहे. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत ट्रंपेट ऐकले नाही असा मनुष्य विरळा. परंतु वादक वाद्य पेटीत ठेवण्यापूर्वी त्याच्या तोंडाचा एक छोटा भाग उपसून काढतो, पुसतो आणि जपून वेगळा ठेवतो, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. वादकांच्या बोलीत त्याला माउथपीसच म्हणतात आणि मीही तोच शब्द वापरीन.

ट्रंपेट हे वाद्य स्वतःहून बोलत नाही. बोलतात ते ओठ. मिटलेल्या ओठांमधून श्वास जोराने सोडला की ओठ थरथरतात आणि त्या थरथरीला नळीतील हवेचा स्तंभ आवाज देतो. ओठ आणि नळी यांची गाठ घालून देण्याचे काम माउथपीसचे. त्याची कडा ओठांवर टेकते. कडेच्या आत वाटीसारखा खोलगट भाग असतो. वाटीच्या तळाशी एक बारीक भोक असते आणि त्या भोकापासून पुढे हळूहळू रुंद होत जाणारी छोटी नळी वाद्यात शिरते. कडा रुंद असेल तर ओठांवरील दाब पसरतो आणि बरे वाटते, पण ओठांची हालचाल जखडते. कडा अरुंद असेल तर एका स्वरावरून दुसऱ्यावर झेप घेणे सोपे होते, पण तीच कडा तासाभरात ओठात रुतू लागते. कडेची आतील धार तीक्ष्ण असेल तर स्वराचा आरंभ स्वच्छ होतो. ती अधिकच तीक्ष्ण असेल तर रक्तही निघते. वाटी खोल असेल तर आवाज गडद आणि भरदार होतो. ती उथळ असेल तर आवाज उजळ आणि टोकदार होतो आणि वरचे स्वर काढणे काहीसे सुकर होते. वाटीचा व्यास मोठा असेल तर आवाजाचा विस्तार वाढतो, पण ओठांचे स्नायू लवकर थकतात. म्हणजे एक सुख मागितले की दुसरे सोडावे लागते, असा हा सारा व्यवहार आहे. त्यात ज्याचे ओठ जाड, ज्याचे पातळ, ज्याचे पुढचे दात किंचित वाकडे, त्या प्रत्येकाचा हिशेब वेगळा.

हा विषय केवळ कल्पनेचा आहे असे कोणी समजू नये. अमेरिकन पदार्थवैज्ञानिक आर्थर बेनेड यांनी वाद्यांच्या नादशास्त्रावरील आपल्या १९७६ च्या ग्रंथात याची चिकित्सा केली आहे. माउथपीसच्या वाटीवर तळहात हलकेच आपटला तर ‘टप्’ असा एक आवाज येतो आणि त्या आवाजाला स्वतःची उंची असते. ही उंची आणि वाटीत मावणाऱ्या हवेचे घनमान या दोन गोष्टींवर, विशेषतः वरच्या पट्टीत, वाद्याचे सूर एकमेकांशी कसे जुळतील हे बरेचसे अवलंबून असते. नळी उत्तम असली तरी मुख चुकीचे बसविले तर वरच्या आणि खालच्या सप्तकांचे जमत नाही. म्हणून वादक जेव्हा ‘हा माउथपीस मला लागत नाही’ असे म्हणतो, तेव्हा त्याची तक्रार लहरीची असू शकते, तशीच ती नादशास्त्राचीही असू शकते. आणि यांपैकी कोणती, हे बाहेरून सांगणे कठीण.

आपल्याला याची कल्पना तंबोऱ्यावरून सहज येईल. मिरजेच्या कारागिरांचे तंबोरे देशभर प्रसिद्ध आहेत. भोपळा कितीही चांगला असो, दांडी कितीही सरळ असो, घोडीवरची जवारी नीट निघाली नाही तर तंबोरा बोलत नाही. ही जवारी म्हणजे घोडीच्या पृष्ठभागाला घासून दिलेला एक सूक्ष्म बाक. तो डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, पण एका गायकाला खुली जवारी हवी असते, दुसऱ्याला बंद, आणि जाणता कारागीर गायकाचा गळा ऐकल्याशिवाय कानस हाती घेत नाही. ट्रंपेटच्या मुखाचा प्रकारही असाच सूक्ष्म आहे. अंतर इतकेच की जवारी बिघडली तर स्वर दुखावतो, आणि येथे स्वराबरोबर माणसाचे तोंडही दुखावते.

आता इतिहासाकडे वळू. युरोपात सतराव्या व अठराव्या शतकांत ट्रंपेटला कळा नव्हत्या. लांब, साध्या नळीतून केवळ ओठांच्या बळावर स्वर काढावयाचे. वरच्या स्वरांत वाजविणारे आणि खालच्या स्वरांत वाजविणारे अशी वादकांची विभागणी असे आणि प्रत्येकजण आपल्या प्रांतात पारंगत होई. जर्मनीतील न्यूरेंबर्ग हे नगर या वाद्यांच्या कारागिरीसाठी विख्यात होते. त्या काळचे जे माउथपीस आज पाहावयास मिळतात ते पाहून आधुनिक वादक चकित होतात. त्यांची कडा रुंद आणि सपाट, वाटी ऐसपैस, आणि तळाच्या भोकाची धार अगदी स्पष्ट. वरचे स्वर हवे असतील तर लहान आणि उथळ माउथपीस घ्यावा असे आज सर्रास सांगितले जाते. परंतु योहान सेबास्टियन बाख यांच्या रचनांतील ते आकाशाला भिडणारे स्वर वाजविणाऱ्यांनी असली ऐसपैस मुखे ओठांना लावली होती! लाइपझिगमध्ये बाख यांचे ट्रंपेट ज्यांनी वाजविले त्या गॉटफ्रीड राइखे यांचे, हाउसमान या चित्रकाराने काढलेले व्यक्तिचित्र प्रसिद्ध आहे. १७३४ च्या ऑक्टोबरात राजाच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभात त्यांनी वादन केले आणि दुसऱ्या दिवशी ते रस्त्यात कोसळून मरण पावले. आदल्या रात्रीचे श्रम आणि मशालींचा धूर यांमुळे हे घडले, असे तत्कालीन नोंद सांगते. त्या स्वरांची किंमत काय होती हे यावरून कळते. आणि मुखाचे माप हे यशाचे एकमेव कारण नव्हे, हेही कळते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाद्याला कळा आल्या आणि सगळे चित्र पालटले. ट्रंपेटच्या शेजारी कॉर्नेट हे तिचे गोड गळ्याचे भावंड आले. त्याची वाटी खोल आणि निमुळती असल्यामुळे आवाज मऊ येई. पॅरिसचे थोर वादक आर्बां यांचा १८६४ चा ग्रंथ आजही पितळी वाद्ये शिकणाऱ्यांच्या हाती असतो. त्यांनी माउथपीस ओठांच्या मध्यभागी, एक तृतीयांश वरच्या ओठावर आणि दोन तृतीयांश खालच्या ओठावर टेकावा असे सांगितले आहे. परंतु त्यांनी हा नियम देताना, आपण स्वतः हीच पद्धत स्वीकारली आहे, असेही नमूद केले आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. म्हणजे हा नियम मुळात एका माणसाच्या तोंडाचे वर्णन होते. पुढे अनेक शिक्षकांनी नेमके याच्या उलट प्रमाण शिकविले आणि त्यांचेही विद्यार्थी उत्तम वाजवीत राहिले.

विसाव्या शतकातील या विषयाचा नायक म्हणजे व्हिन्सेंट बाख. महान संगीतकार बाख यांच्याशी त्यांचे नाते नव्हते. ऑस्ट्रियातील बाडेन येथे १८९० मध्ये जन्मलेल्या या गृहस्थाचे मूळ आडनाव श्रॉटेनबाख. रंगमंचासाठी त्यांनी ते आखूड केले. शिक्षण यंत्रविद्येचे, ओढ ट्रंपेटची. १९१४ मध्ये ते अमेरिकेत आले आणि बॉस्टनच्या वाद्यवृंदात त्यांना जागा मिळाली. त्यांची हकीकत अशी सांगतात, की पिट्सबर्ग येथे मुक्काम असताना त्यांनी आपला आवडता माउथपीस किंचित दुरुस्तीसाठी एका कारागिराकडे दिला आणि त्याने तो कायमचा बिघडविला. ज्याचा जगण्याचा आधार त्या तुकड्यावर आहे त्याची अवस्था काय झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. तसाच दुसरा मिळेना. अखेर यंत्रविद्या कामी आली आणि १९१८ मध्ये न्यूयॉर्क येथे पायाने चालविण्याच्या एका लेथवर त्यांनी स्वतःच माउथपीस करावयास आरंभ केला. १९२४ पासून ते ट्रंपेटेही करू लागले. १९६१ मध्ये त्यांनी आपला कारखाना सेल्मर कंपनीला विकला आणि १९७६ मध्ये त्यांचे निधन झाले.

बाख यांच्या कार्याचे मर्म सुबक घडणीत आहे, त्याहूनही अधिक ते पुनरावृत्तीत आहे. आज घेतलेला माउथपीस हरवला तर उद्या तसाच मिळेल, ही हमी त्यांच्यापूर्वी वादकाला क्वचितच मिळत असे. त्यासाठी त्यांनी क्रमांक आणि अक्षरे ठरविली. क्रमांक जितका लहान तितका वाटीचा व्यास मोठा. ‘ए’ हे अक्षर सर्वांत खोल वाटीचे आणि पुढची अक्षरे क्रमाने उथळ होत जाणारी. शिकाऊ मुलाच्या नव्या ट्रंपेटबरोबर बहुधा ‘७ सी’ येतो. त्याच्या वाटीचा व्यास १६.२० मिलिमीटर. थोडी प्रगती झाली की ‘३ सी’ घे असे मुलाला सांगतात. त्याचा व्यास १६.३० मिलिमीटर. वाद्यवृंदातील वादक ‘१½ सी’कडे जातात, तो १७ मिलिमीटर. पहिल्या दोहोंतील फरक एक दशांश मिलिमीटरचा, साधारण एका जाड कागदाएवढा. आणि तरीही डोळे मिटून ओठांना लावले तर कसलेला वादक त्या दोहोंतील भेद सांगतो, कारण कडेचा घाटही बदललेला असतो आणि ओठांइतका जाणता अवयव शरीरात दुसरा क्वचितच असेल.

पण क्रमांकाचा एक दुर्गुण असा, की तो श्रेणीसारखा दिसू लागतो. ज्यांचे आयुष्य कचेरीतील वर्गवारीत गेले आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको. सातव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर आणि तिसऱ्यावरून पहिल्यावर जाणे ही जणू बढती आहे असे विद्यार्थ्यांना वाटू लागले. शिकागोचे रेनॉल्ड शिल्के स्वतः उत्तम ट्रंपेटवादक आणि वाद्य घडविणारे. त्यांनी नेमकी उलट रीत अवलंबिली: त्यांच्याकडे मोठा क्रमांक म्हणजे मोठी वाटी, आणि ‘ए’ म्हणजे लहान घनमान. ज्या मुलाला एका दुकानात बढती मिळाली त्याची दुसऱ्या दुकानात त्याच मापाने पदावनती व्हावी, अशी ही मौज आहे.

परंतु अनुकरणाचे सर्वांत बोलके उदाहरण अॅडॉल्फ हर्सेथ यांचे आहे. १९४८ पासून २००१ पर्यंत, म्हणजे तब्बल ५३ वर्षे, ते शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राचे प्रमुख ट्रंपेटवादक होते. त्यांचा भरदार, तेजस्वी आवाज अमेरिकेतील वादकांच्या दोन-तीन पिढ्यांचा आदर्श ठरला. १९५० च्या दशकाच्या आरंभी मोटार-अपघातात त्यांच्या ओठांना व दातांना मोठी इजा झाली. ट्रंपेटवादकाच्या बाबतीत याचा अर्थ बहुधा धंद्याचा शेवट असा होतो. हर्सेथ यांनी मात्र चिकाटीने पुन्हा वादन साध्य केले आणि त्या धडपडीत ते पूर्वीपेक्षा मोठ्या माउथपीसकडे वळले. जखमी ओठाला जागा हवी होती, ती त्यांनी दिली. पुढे काय झाले? त्यांचा आवाज ऐकून मोहित झालेल्या तरुणांनी चौकशी केली, माउथपीसचे माप मिळविले, आणि ज्यांच्या ओठांना कधी ओरखडाही उठला नव्हता असे असंख्य वादक तीच मोठी वाटी ओठांना लावून बसले. एका माणसाच्या जखमेवरचा उपाय अशा रीतीने एका संप्रदायाचा नियम झाला. काहींना तो मानवला. ज्यांना मानवला नाही त्यांनी दोष आपल्या ओठांना दिला, अभ्यास दुप्पट केला आणि ओठ अधिकच थकविले. हर्सेथ यांच्याच वाद्यवृंदात ट्यूबा वाजविणारे आर्नल्ड जेकब्स हे थोर शिक्षक होते. स्वर आधी मनात ऐकावा आणि श्वास मोकळा सोडावा, यावर त्यांचा सारा भर असे. त्या शिकवणीकडे मात्र मापाइतके लक्ष गेले नाही, कारण माप दुकानात विकत मिळते.

जाझच्या क्षेत्रात वादकाचे स्वातंत्र्य अधिक, तशी शिक्षाही अधिक. लुई आर्मस्ट्राँग यांच्या ओठांची कहाणी दुःखद आहे. उंच स्वरांचे ताण रात्रीमागून रात्र सोसून त्यांचा ओठ वारंवार फाटे. १९३३ च्या अखेरीस लंडनमध्ये ऐन कार्यक्रमात तो फाटला आणि पुढे कित्येक महिने त्यांना विश्रांती घ्यावी लागली. ओठांभोवतीच्या वर्तुळाकार स्नायूला अशी इजा होण्याला १९८२ मध्ये एका शल्यवैद्याने त्यांच्याच टोपणनावावरून ‘सॅचमो सिंड्रोम’ असे नाव दिले. याच्या अगदी उलट माइल्स डेव्हिस यांचा मार्ग. सेंट लुईसच्या परिसरात वाढलेल्या या मुलाला एलवुड ब्युकॅनन या शिक्षकांनी कंपनरहित, सरळ स्वराची गोडी लावली. त्या भागातील वादकांमध्ये ‘हाइम’ नावाचा, खोल वाटीचा माउथपीस प्रिय होता. डेव्हिस यांनी तो उचलला आणि पुढे त्यांच्या आवाजात आलेली ती हळुवार, आतल्या आत बोलणारी छटा त्या खोल वाटीशी चांगली जुळली. उथळ वाटी घेऊन आकाशात झेपावण्याची स्पर्धा चालू असताना त्यांनी मधल्या पट्टीतच घर केले. येथे माउथपीसने आवाज घडविला की हव्या असलेल्या आवाजाने माउथपीस निवडला, याचा उलगडा करणे व्यर्थ आहे. मला स्वतःला दुसरे अधिक खरे वाटते.

आपल्या देशात ही विद्या आली ती पलटणींच्या बँडमधून आणि गोव्यातील चर्चच्या शाळांमधून. त्या शाळांत स्वरलिपी शिकलेले गोमंतकीय वादक मुंबईच्या हॉटेलांत आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत स्थिरावले. बार्देशातील आल्दोना गावचे आंतोनियो शावियेर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजले. त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्र यांच्या १९५१ च्या ‘अलबेला’ या चित्रपटाच्या संगीतात त्यांचा वाटा होता. ज्या श्रोत्यांना ती गाणी आठवतात त्यांच्या कानांत तो उजळ, खेळकर ट्रंपेटही असेलच. चित्रपटाच्या वादकाला एकाच दिवसात नृत्याची धून, विरहाची हाक आणि स्वारीचा नाद पुरवावा लागे. अशा माणसाला एका टोकाचा माउथपीस परवडत नाही. त्याला मधले माप लागते, आणि उरलेला फरक ओठांनीच करावा लागतो.

वरातीच्या बँडची गोष्ट निराळी. मेरठच्या जाली कोठी भागात घडलेली पितळी वाद्ये देशभर जातात. ती बहुधा बँडच्या मालकाची असतात. हंगामापुरता कामावर आलेला वादक मालकाने हाती दिलेला बाजा उचलतो, आणि त्यात जो माउथपीस असेल त्यावर वरातीबरोबर चालत, धक्के खात, रात्री उशिरापर्यंत वाजवितो. चालता चालता वाजविताना कडा दातांवर आदळते, चांदीचा मुलामा झिजलेला असेल तर उघडे पितळ ओठांना लागते, आणि काहींच्या त्वचेला ते सोसत नाही. आज संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या लेथवर कोणत्याही जुन्या माउथपीसची हुबेहूब नक्कल करून मिळते. कडा एका मापाची आणि वाटी दुसऱ्या मापाची घेऊन ती आटे फिरवून जोडताही येतात. हे सारे पैसा मोजणाऱ्याला. हंगामी वादकाला कोणती कडा मानवते असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तरीही त्यांतला एखादा जुना वादक आपला स्वतःचा माउथपीस सदऱ्याच्या खिशात, रुमालात गुंडाळून आणतो, मालकाच्या बाज्यातला काढून ठेवतो, आपला बसवितो आणि दोन फुंकरा मारून पाहतो.